टोपीचं माप

वृषालीला मी सगळं सांगतो. डॉक्टर काय म्हणाले, दादाशी कशावरून वाजलं, कंपनीत कोण काय बोललं — घरी येऊन चपला काढायच्या आधी सांगून मोकळा होतो. एक गोष्ट तेवढी सांगितलेली नाही. आणि जी तिला सांगितली नाही ती आणखी कुणाला सांगणार? आठ वर्षं आणि दोन महिने झाले. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही, मला ओळखत नाही. आणि कारण गेल्या रविवारी एक प्रकार घडला. त्याच्याकडे येतो. आधी बाकीचं.

मी नाशिकला सातपूरमध्ये एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. सत्तावीस वर्षं. मशीनवरून उतरलेला नग माझ्या टेबलावर येतो, मी तो मोजतो. ड्रॉइंगवर माप दिलेलं असतं; त्याच्या वर किती चालेल, खाली किती चालेल, तेही दिलेलं असतं. त्यात बसला तर हिरवी खूण, नाही बसला तर लाल. आमच्याकडे दोन नियम आहेत. लाल खूण करायच्या आधी तीनदा मोजायचं. आणि मोजायच्या आधी, ज्याने मोजणार ते साधन तपासलेलं आहे ना, ते बघायचं. यातला एकही नियम मी मोडलेला कुणी पाहिलेला नाही. मशीन शॉपमधले लोक माझ्या तोंडावर म्हणतात, ‘साहेब, तुमच्या लग्नात अक्षता पण मोजून टाकल्या असतील.’ मी हसतो. असंच असायला हवं असं मला वाटत आलंय.

हे स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही. पुढे लागणार आहे.

आम्हाला मूल झालं नाही. अकरा वर्षं वाट पाहिली, मग दत्तक घ्यायचं ठरलं. तेही आधी वृषालीने ठरवलं, मी वर्षभराने. सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलं. घरी एक समाजसेविका येऊन गेल्या, खोल्या पाहिल्या, आमच्याशी वेगवेगळं बोलल्या. त्यानंतर दोन वर्षं सात महिने काहीच नाही. आणि मग एका सकाळी, मी बससाठी पाथर्डी फाट्यावर उभा असताना, मोबाइलवर निरोप आला.

मुलगी. दोन वर्षं दोन महिने. ओडिशातली एक संस्था. गावाचं नाव सांगत नाही.

मी बस सोडली आणि घरी परत आलो. वृषालीने फोटो पाहिला. लाल स्वेटर, कपाळावर काजळाचा मोठा ठिपका, कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कुठेतरी बघणारी. फोटो बघतच ती म्हणाली, “जुई.” नाव शोधायला तिला एवढाच वेळ लागला.

आणि मी? मी रिपोर्ट उघडला.

वजन, उंची, रक्ताच्या तपासण्या, लसी. बोलणं जरा उशिरा सुरू झालंय. आणि डोक्याचा घेर — पंचेचाळीस पूर्णांक दोन सेंटिमीटर. बाकीच्या आकड्यांवरून माझी नजर पुढे गेली, या आकड्यावर थांबली. का थांबली? कारण इतर सगळ्यांपुढे ‘ठीक’ असं लिहिलं होतं आणि याच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

मूल आमच्यासाठी राखून ठेवायला दोन दिवस असतात. ते आम्ही लगेच केलं. त्यानंतर तेव्हा वीस दिवस मिळायचे. त्यात जाऊन मुलाला भेटायचं, आणि हो किंवा नाही कळवायचं. तिसऱ्या दिवशी मी रिपोर्ट घेऊन कॉलेज रोडवरच्या एका मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तक्ता काढला. तक्त्यावर वाकड्या रेषा असतात, वयाप्रमाणे वर चढत जाणाऱ्या. त्यांनी पेनाने एक टिंब काढलं. सगळ्यात खालच्या रेषेच्या जरासं वर. म्हणाले, “लहानखुरी आहे. पण आत आहे. काळजी करू नका.”

मी विचारलं, “आणि रेषेच्या खाली असतं तर?”

“तर मग बघावं लागलं असतं. मेंदूची वाढ वगैरे. पण नाहीये ना खाली?”

तो तक्ता मी मागून घेतला. घडी करून पाकिटात ठेवला.

दादा माझा थोरला भाऊ, मनमाडला असतो, रेल्वेतून निवृत्त झालाय. त्याला फोन केला तेव्हा तो हसत हसत म्हणाला, “नीट तपासून घे रे बाबा. तुझा तर धंदाच तो. आम्ही पार्सल ऑफिसात डाग दिसला की सही करत नव्हतो.” वृषालीने शेजारून ते ऐकलं आणि फोन माझ्या हातातून ओढून घेतला. “भाऊजी, तुम्हाला बघून सही करायची म्हटली असती तर जाऊबाई अजून माहेरीच असत्या.” दादा पलीकडे खो खो हसला. मीही हसलो. पण दादाने सांगितलं म्हणून मी पुढचं केलं, असं नाही. ते माझ्या डोक्यात आधीपासून होतं.

नाशिकरोडहून गाडी, चौतीस तास. वृषालीने बरोबर काय काय घेतलं होतं! चिवडा, दोन किलो द्राक्षं, एक कापडी ससा, आणि शिवणाची पिशवी. ती घरी ब्लाउज, परकर, फ्रॉक शिवते. पिशवीत निळ्या ठिपक्यांचं कापड होतं, मापांची वही होती, आणि तिचा टेप. पिवळा, कापडी, आईकडून आणलेला. टोकाची पत्र्याची पट्टी कधीच पडून गेलेली. “तिथेच माप घेते,” ती म्हणाली, “अंदाजाने शिवलेला पहिला फ्रॉक मला नको.”

तिथली भाषा आम्हाला येत नव्हती. दुकानांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. रिक्षावाल्याला पत्ता मोबाइलवर दाखवावा लागला. मी नाशिक जिल्ह्याबाहेर फारसा गेलेला माणूस. मला परदेशात आल्यासारखं वाटत होतं. संस्था म्हणजे दोन मजली चुन्याची इमारत, पुढे आंब्याचं झाड, झाडाखाली वाळत घातलेले छोटे छोटे कपडे. मी ते मोजले. सवयच आहे. एकोणचाळीस.

तिथल्या मुख्य बाईंना सगळे दीदी म्हणत. साठीच्या असतील. त्यांचं हिंदी त्यांच्या पद्धतीचं होतं, आमचं आमच्या. त्या म्हणाल्या, “बेबी रोज आपका फोटो देखता है. चश्मा, चश्मा बोलता है.” आम्ही आधी आमचा एक फोटो पाठवला होता. तसा पाठवायचा असतो, मुलाला चेहरे ओळखीचे व्हावेत म्हणून. तो त्यांनी तिच्या पलंगाशी चिकटपट्टीने लावला होता. तिच्या डोळ्यांच्या उंचीला.

मग तिला आणलं.

ती रडली नाही. लपली नाही. आधी वृषालीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सरळ माझ्याकडे चालत आली. दोन्ही हातांनी माझा चष्मा धरला, काढला नाही, नुसता धरून ठेवला. दीदी टाळी वाजवून म्हणाल्या, “पहचान लिया! बापा को पहचान लिया!”

तुम्ही म्हणाल, इथेच माणूस विरघळायला हवा होता. मी विरघळलो होतो की. खोटं कशाला बोलू? आणि त्याच वेळी मी तिच्या डोक्याकडे बघत होतो.

द्राक्षं सगळ्या मुलांना वाटली. तेवीस मुलं. एक मावशी बसून एकेक द्राक्ष उभं चिरत होत्या, घशात अडकू नये म्हणून. प्रवासात काही खराब झाली होती, ती वृषाली बाजूला काढत होती. जुई माझ्या मांडीवर बसून अर्धं द्राक्ष खात होती आणि उरलेलं अर्धं माझ्या खिशात ठेवत होती. शर्टाचा तो डाग गेला नाही.

दुपारी वृषालीने माप घेतलं. जुईला स्टुलावर उभं केलं. आणि त्या मुलीने काय केलं माहीत आहे? टेप बघितल्याबरोबर तिने स्वतःहून दोन्ही हात वर केले. मोजून घ्यायची तिला सवय होती. डॉक्टर, नर्स, कोण कोण येऊन मोजत असतील. वृषाली आकडे बोलत होती आणि मी वहीत लिहीत होतो. छाती, कंबर, खांदा, उंची. वहीच्या पानावर वर तिने स्वतः नाव लिहिलं होतं — जुई. पहिल्यांदा कुठे लिहिलं गेलेलं ते नाव.

मग वृषाली दीदींबरोबर तिचे कपडे बघायला आत गेली. वही तिने काखेत घेतली, टेप स्टुलावरच राहिला.

मी तो उचलला.

जुईने पुन्हा हात वर केले. मी टेप तिच्या डोक्याभोवती नेला. तशी तिने हात खाली घेतले आणि डोळे मिटले. हलली नाही. एवढी शांत उभी राहिली की — माझ्या टेबलावरचा नगसुद्धा इतका स्थिर नसतो. मागच्या बाजूला माझ्या अंगठ्याखाली तिचा भोवरा आला. केस पातळ होते, डोकं गरम लागत होतं.

चव्वेचाळीस.

वृषाली दारात आली होती. “काय करताय हो?”

“टोपीचं माप,” मी म्हटलं. “चव्वेचाळीस. लिहून घे.”

तिचा चेहरा असा फुलला! मी टोपीचा विचार केला म्हणून. तिने वही उघडली आणि उभ्या उभ्या लिहिलं. डोकं — ४४.

मी बाथरूममध्ये गेलो, पाकिटातला तक्ता काढला आणि टिंब काढलं. रेषेच्या खाली. मला वाटलं, त्यांनी रिपोर्टमध्ये आकडा वाढवून लिहिलाय. म्हणजे आणखी काय काय लपवलं असेल? एकदाच मोजलं होतं मी. तीनदा नाही. आठ रुपयांच्या बोल्टला जो नियम मी सत्तावीस वर्षं पाळला, तो त्या मुलीला लावला नाही.

दीदींनी कागद पुढे केले. मी म्हटलं, नाशिकला जाऊन पोर्टलवरूनच कळवतो, एकदा सगळं नीट वाचून घेतो. वृषालीला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी विजेचं बिलसुद्धा दोनदा वाचतो. निघताना जुई दीदींच्या कडेवरून माझ्या चष्म्याकडे हात करत होती. वृषाली सांगत होती, “येतो हं, लगेच येतो, थोडेच दिवस.” मराठीत. तिला काय कळलं असेल?

आम्ही तेराव्या दिवशी घरी पोचलो. आता जे सांगायचंय ते सांगतो.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी वृषाली जमिनीवर निळं कापड पसरून बसली होती. खडूने खुणा करत होती. मी दारात उभा राहून म्हटलं, “फोन आला होता तिथून. तिचा मामा आलाय. सख्खा. तो न्यायचं म्हणतोय. घरच्यांचा हक्क आधी असतो कायद्याने.”

असा कुठलाही फोन आला नव्हता. असा कुठलाही मामा नव्हता.

एवढं खोटं मी कसं बोललो? खरं सांगितलं असतं — डोकं लहान आहे, मला भीती वाटते — तर ती म्हणाली असती, असू दे. मला माहीत होतं ती काय म्हणेल. म्हणून तिला विचारलंच नाही.

वृषालीने खुणा करायचं थांबवलं. खडू हातात तसाच. मग तिने विचारलं, “मामा चांगला असेल ना हो?”

“चांगला आहे,” मी म्हटलं. “थोडी शेती आहे. दोन गायी आहेत.”

आकडा घातला की खोटं पक्कं होतं. ते मला त्या क्षणी कळलं.

ती म्हणाली, “मग दूध तरी मिळेल तिला.” आणि कात्री उचलून कापड कापायला लागली. “माप घेतलंय तर शिवून टाकते. पाठवून देऊ.” रडली ती नंतर, स्वयंपाकघरात, नळ सोडून. मी बाहेर बसून ऐकलं.

तुम्हाला वाटत असेल, झालं, हाच तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसं वाटून घ्यायचं होतं. भीतीने बोललेलं एक खोटं. पण इथे संपत नाही.

सोळाव्या दिवशी आमच्याकडे खिडक्यांना डासांची जाळी बसवायला एक माणूस आला. माझ्याच वयाचा. मी आदल्या दिवशी वृषालीच्या टेपने खिडकी मोजून त्याला फोनवर मापं दिली होती. तो चौकट बनवून घेऊन आला आणि ती बसेना. लहान पडली. मी त्याच्यावर डाफरलो — मी सातपूरला इन्स्पेक्शनला आहे, मला माप शिकवू नका. त्याने मुकाट्याने माझ्या हातातला टेप घेतला, स्वतःच्या स्टीलच्या टेपशेजारी धरला आणि म्हणाला, “साहेब, हे काय आणलंय? रबर झालंय याचं ताणून ताणून. इन्स्पेक्शनवाले ना तुम्ही?”

कापडी टेप जुना झाला की ताणतो. ताणलेला टेप कमी आकडा दाखवतो. हे मला माहीत नव्हतं? मी शिकाऊ मुलांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो.

तो गेल्यावर मी माझी स्टीलची पट्टी काढली. जेवणाच्या टेबलावर ठेवली, शेजारी टेप ठेवला. सरळ केला, ओढला नाही. टेपवरचा चव्वेचाळीसचा आकडा पट्टीवर कुठे येतो ते बघितलं. तीनदा बघितलं. तिन्ही वेळा पंचेचाळीस पूर्णांक एक.

रिपोर्टात पंचेचाळीस पूर्णांक दोन होतं. एका मिलिमीटरचा फरक. कापडी टेपच्या मापात एवढा फरक मी डोळे मिटून पास केला असता.

चार दिवस उरले होते.

पोर्टलवर तोपर्यंत मी काहीच दाबलं नव्हतं. दोन बटणं होती, हो आणि नाही. मी ‘हो’ दाबू शकत होतो — सोळाव्या दिवशी, सतराव्या, अठराव्या, एकोणिसाव्या, विसाव्या. फक्त त्याआधी आतल्या खोलीत जाऊन सांगावं लागलं असतं की मामा नाही. गायी नाहीत. टोपी नव्हती.

वृषालीने काय केलं असतं? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारलाय, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच येतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नसती. तिसऱ्या दिवशी गाडीची तिकिटं बघायला बसली असती. मला हे तेव्हाही माहीत होतं. म्हणजे ती सोडून जाईल, घर मोडेल, असली कुठलीही भीती नव्हती. मग कशाची होती? तिला कळेल याची. एका स्टुलावर डोळे मिटून उभ्या राहिलेल्या मुलीला मी काय केलं, हे तिला दिसेल आणि मग ती रोज सकाळी माझ्याकडे ते माहीत असलेल्या डोळ्यांनी बघेल. दोन दिवसांचा अबोला आणि ती नजर — एवढंच एका बाजूला होतं. दुसऱ्या बाजूला ती मुलगी होती. मी वजन केलं आणि गप्प बसलो.

अठराव्या दिवशी दीदींचा फोन आला. मी कंपनीत होतो, मशीनच्या आवाजातून बाहेर शेडमध्ये आलो.

“सर, आपका कुछ आया नहीं पोर्टल में? दो दिन बचा है.”

मी म्हटलं, “मिसेस रेडी नहीं है.”

“मैडम?” त्या थांबल्या. “मैडम तो... हम बात करें मैडम से?”

“नहीं. वो बात नहीं करना चाहती.”

मागे कुठेतरी मुलांचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, “ठीक है सर. फोटो निकाल देंगे.”

विसाव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, कँटीनच्या मागे उभं राहून मी ‘नाही’ दाबलं. कारण लिहायला चौकोन होता. त्यात मी लिहिलं — पत्नीची मानसिक तयारी नाही.

तिची. जिने एका क्षणात नाव ठेवलं होतं, तिची.

हा माझा कबुलीजबाब. टेप चुकला होता, हे मी कारण म्हणून सांगत नाही. टेप बरोबर असता आणि डोकं खरोखरच चव्वेचाळीसचं असतं, तर? तर मी आज सुखाने झोपलो असतो का? झोपलो असतो, असं मला वाटतं. आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

फ्रॉक तयार झाला. निळे ठिपके, पाठीला पांढरा बो. वृषालीने तो कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. मी कुरिअरच्या दुकानात गेलो, रांगेत उभा राहिलो, आणि पत्ता सांगायची वेळ आली तेव्हा मागे वळलो. घरी सांगितलं, पाठवला. टेपबद्दल सांगितलं, जाळीवाला चुकून घेऊन गेला वाटतं. दोन्ही वस्तू सातपूरला माझ्या लॉकरमध्ये आहेत, सेफ्टी शूजच्या खोक्याखाली. आमच्याकडे बिघडलेल्या साधनाला लाल चिठ्ठी बांधून कुलपात ठेवतात, कुणी चुकून वापरू नये म्हणून. टेपला मी चिठ्ठी बांधलेली नाही. कधी कधी मनात येतं — ज्या टेपने तिला मोजलं त्याच टेपने मापून कापड कापलं होतं. तो फ्रॉक तिला अगदी बरोबर बसला असता.

दीड वर्षाने ओवी आली. आमची मुलगी. तेरा महिन्यांची होती, आता दुसरीत आहे. तिचा रिपोर्ट मी वाचला नाही. वृषालीला म्हटलं, तूच बघ, मी सही करतो. तिला वाटलं मी बदललोय. जुईच्या पलंगाशेजारचा आमचा फोटो निघाला नसता तर ओवी आमच्याकडे नसती, हेही मला कळतं. या दोन मुली मी एकमेकींशेजारी ठेवून बघू शकत नाही. ठेवायचा प्रयत्न केला की मी उठून पाणी पितो.

पण घरात त्या दोघी शेजारीच आहेत. वृषालीने ओवीपासून काहीच लपवलं नाही. ती कुठून आली हेही, आणि तिच्या आधी एक जुईताई होती, तिला तिच्या मामाने नेलं, हेही. ओवीने शाळेत माझं कुटुंब म्हणून चित्र काढलं, त्यात चार माणसं होती आणि कडेला दोन गायी. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, “या ताईच्या. एक कपिला, एक चांदणी.” नावं तिने ठेवली. चित्र फ्रिजवर लावलं आहे. मी रोज फ्रिजमधून दूध काढताना त्या गायी बघतो.

जुई आता दहा वर्षं चार महिन्यांची असेल. तिला कुणी नेलं का? मला माहीत नाही. दोन वर्षांच्या पुढच्या मुलांना घरं मिळायला वेळ लागतो, हे मला तेव्हाच माहीत होतं. दीदींचा नंबर अजून मोबाइलमध्ये आहे. लावलेला नाही. रस्त्यात त्या वयाची मुलगी दिसली की मी आधी डोकं बघतो. कंपनीत गोल नग हातात घेतला, त्याभोवती अंगठा फिरवला, की कधी कधी लोखंड गरम लागतं. भोवऱ्याचे पातळ केस लागतात. मी नग खाली ठेवतो आणि पुन्हा उचलतो. शॉपमधल्यांना वाटतं, साहेबांनी तीनदा मोजायचं आता चारदा केलं.

आता गेला रविवार.

वृषालीची मापांची वही फाटली होती. पानं सुटली होती, म्हणून नवी वही आणली आणि जुनी मापं उतरवून घ्यायचं ठरलं. माझं अक्षर बरं, म्हणून मी लिहिणार, ती वाचणार. ओवी आमच्यामध्ये पालथी पडून रंग भरत होती. कोण कोण येऊन गेलं होतं त्या वहीत! ज्या बायका आता येत नाहीत त्यांची पानं वृषाली उलटत होती, “ही सोडा, ही पुण्याला गेली, ही जाड झाली, हिचं नव्याने घ्यावं लागेल.” ओवी हसत होती.

मग ती एका पानावर थांबली.

मी म्हटलं, “हे काय करायचंय आता?”

“असू दे,” ती म्हणाली. “तीही आपलीच. लिहा.”

ओवीने मान वर केली. “आई, ताईचं माप माझ्यापेक्षा मोठं आहे?”

“तेव्हा ती एवढीशी होती गं. ऐक.” आणि वृषाली वाचायला लागली. मी नव्या पानावर वर नाव लिहिलं. छाती लिहिली. कंबर लिहिली. खांदा, उंची.

“डोकं,” वृषाली म्हणाली, आणि हसली. “बाबांनी घेतलं होतं हे. टोपीसाठी. चव्वेचाळीस.”

पेन माझ्या हातात होतं. दोघी माझ्याकडे बघत होत्या. खरा आकडा मला माहीत होता, आठ वर्षं माहीत होता, एका मिलिमीटरपर्यंत.

मी चव्वेचाळीस लिहिलं.